घड्याळाच्या पोटातली पिवळी वाइन

मी आयुष्यात वाइनचा एक थेंबही चाखलेला नाही. तरी फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडला खेटून ज्युरा नावाचा जो डोंगराळ मुलूख आहे, तिथे कुठली वाइन कशी करतात हे मला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेन. आमच्या ह्यांना याची भारी गंमत वाटते. पाहुणे आले की हे हमखास म्हणणार, "हिला विचारा. दारूबंदीच्या देशात राहून हिने दारूवर पीएच.डी. केलीय." सगळे हसतात, मीही हसते. पण ज्या सकाळी ते ज्ञान माझ्या डोक्यात कायमचं बसलं, त्या सकाळी एका भल्या माणसावर पोटच्या मुलीचं लग्न चुकायची पाळी आली होती.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. कुवेतमध्ये 'रिलोकेशन' म्हणतात, आपण त्याला बिऱ्हाड हलवणं म्हणू. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत देशोदेशीचे इंजिनिअर येतात, त्यांची बिऱ्हाडं बोटीने येतात. आमचं ऑफिस मिरकाबला, गोदाम अर्दियाला. मी सर्व्हेअर. म्हणजे येणाऱ्या कुटुंबाला व्हिडिओ कॉल करायचा, कॅमेऱ्यातून त्यांचं घर खोलीखोलीने बघायचं, किती पेट्या लागतील ते सांगायचं आणि काय आणता येणार नाही ते बजावायचं. लोक बिचारे नव्या घराच्या आनंदात असतात, आणि मी पहिल्याच भेटीत 'हे नाही, ते नाही' म्हणणारी बाई.

आणि काळजी हा माझा जन्माचा धंदा. मी तासगावची. आमची द्राक्षबाग होती. आमच्या घरी ढग आला म्हणून कुणी खिडकीत जाऊन बसलं नाही. ढग आला की औषधाचा पंप भरला जायचा. वडील जेवता जेवता उठून अंगणात जायचे, वारा कुठला आहे ते बघून परत यायचे, आणि मग ताटातला भात तसाच राहायचा. तेच माझ्यात आलं. गॅस बंद केला का ते मी तीनदा बघते, आणि जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. माझी लेक इथेच वाढली. ती म्हणते, "आई, यू वरी फॉर अ लिव्हिंग." म्हटलं, अगं हो, पगार त्याचाच मिळतो मला.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका इंग्रज बाईने नाताळचा केक सहा-सहा महिने ब्रँडी पाजून मुरवला होता. तो डबा घरी ठेवून ये म्हटल्यावर ती कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली. पुण्याचे एक डॉक्टर तुळस मातीसकट आणायची म्हणून अडून बसले. माती चालत नाही म्हटलं तर मला तासभर तुळशीचे औषधी गुण ऐकवले. म्हटलं, डॉक्टर, गुण मान्य आहेत, माती नाही. पण सगळ्यांत वाईट झालं ते एका इंजिनिअरमुळे. या गृहस्थाने गमबुटात बाटली खुपसून पाठवली आणि बंदरावर ती सापडली. त्याचं त्याला निस्तरायला लागलंच, पण गेटपासवर ज्या ड्रायव्हरचं नाव होतं, तो गरीब माणूस विनाकारण पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारत राहिला. चौकशी संपेपर्यंत त्याच्यावर ट्रॅव्हल बॅन. म्हणजे देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तेवढ्यात गावी त्याचे वडील गेले, आणि तो इथे गोदामाच्या पायरीवर बसून राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक सर्व्हेत पहिलाच प्रश्न विचारायचे: घरात बाटली आहे का?

क्लेरबाईंनाही तोच विचारला. नवरा रिफायनरीत येणार होता, सात वर्षांची मुलगी होती एलिज नावाची. ज्युरातल्या वडिलांच्या घरून सामान हलणार होतं. मी प्रश्न विचारला आणि बाई खो खो हसत सुटल्या. "घरात बाटली? थांबा, दाखवते." आणि फोन घेऊन तळघरात उतरल्या. बघते तर काय, अंधारात ओळीने पिंपंच पिंपं! आणि मधोमध टोपी घातलेले, वाकलेले एक म्हातारबाबा. क्लेरबाईंचे वडील. त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. बाई मधे उभ्या राहून इकडचं तिकडे करत होत्या.

"वडील विचारताहेत, माझ्या मुलीला तुम्ही अशा कसल्या देशात नेताय, जिथे वाइन नाही?"

मी म्हटलं, "त्यांना सांगा, मी स्वतः द्राक्षवाल्याची मुलगी आहे. तरी नाहीच."

द्राक्षवाल्याची मुलगी म्हटल्यावर आजोबांची कळीच खुलली. तुमच्याकडे छाटणी कधी? डाउनी रोग पडतो का? गारा? मी तासगावची सगळी रडगाणी सांगितली, त्यांनी त्यांची. त्यांच्याकडे कोवळी फूट आली की रात्रीतून बर्फासारखं दहिवर पडतं आणि वेल जळतात. तेव्हा ते अख्खी रात्र बागेत फिरतात. म्हटलं, हे तर माझे वडीलच, नुसती टोपी वेगळी.

मग त्यांनी मला फोनवरूनच पिंपांमधून फिरवलं. एका द्राक्षाची लाल वाइन, पण रंग असा फिका की पाणी जास्त झालेलं कोकम सरबत. दुसरी बेदाण्यासारख्या सुकवलेल्या द्राक्षांची. घड गवताच्या काडावर पसरून नाहीतर माळ्यावर टांगून हिवाळाभर सुकवायचे आणि मग पिळायचे. ही गोड, औषधासारखी चमच्याने प्यायची. मी म्हटलं, आमच्याकडे रॅकवर सुकवतात, पण आम्ही तिथेच थांबतो आणि शिऱ्यात घालतो. आजोबांना ते फार पटलेलं दिसलं नाही.

शेवटी ते एका पिंपाशी थांबले. ही पिवळी वाइन, त्या मुलखाची राणी. इतर सगळीकडे पिंपातली वाइन उडून कमी झाली की वरून भर घालतात. इथे घालत नाहीत. सहा वर्षांहून जास्त पिंपाला हात लावायचा नाही. वर हवा राहते आणि वाइनवर पांढरी साय धरते, आपल्या लोणच्यावर धरते तशी. आपण लोणचं फेकून देऊ. ते त्या सायीला जपतात, कारण तिच्याखाली वाइन पिवळी होते, तिला अक्रोडाचा वास येतो. उडून उडून पिंपात जेवढी उरते, तिच्या मापाची एक बुटकी, रुंद खांद्यांची बाटली असते, नेहमीच्या बाटलीहून लहान. ती वाइन शंभर वर्षं टिकते म्हणे.

"म्हणून आमच्या घरात मूल जन्मलं की त्या वर्षाचं एक पिंप त्याच्या नावाने ठेवतात," क्लेरबाई म्हणाल्या. "मुलाच्या लग्नात ती बाटली उघडतात. हे एलिजचं. सहा वर्षं झाली, आता बाटल्या भरायच्या आहेत." आणि माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, "घाबरू नका. इथेच राहतील त्या. मला नियम माहीत आहे."

आजोबा काहीतरी पुटपुटले. मी विचारलं, काय म्हणाले? बाई म्हणाल्या, "काही नाही. म्हणतात, लेकरू एकीकडे आणि त्याची बाटली दुसरीकडे, असं आमच्यात कधी झालं नाही."

मी ते वाक्य ऐकलं आणि पुढच्या खोलीकडे वळले. दिवाणखान्यात भिंतीला टेकून एक उंच लाकडी घड्याळ होतं, माणसाएवढं, मधे पोट सुटलेलं. त्या भागात अशी घड्याळं करतात. मी लिहून घेतलं: घड्याळ, एक.

बोट निघाली. ती समुद्रात असतानाच आजोबा गेले. क्लेरबाई तोवर कुवेतला आल्या होत्या. अंत्यविधीला तिकडे जाऊन चार दिवसांत परत आल्या.

आता हसनभाई. आमच्या गोदामाचे फोरमन, दापोलीकडचे, हाडाचे सुतार. नुसता हात फिरवून सांगायचे की ही आलमारी कुठल्या बाजूने उघडी पडेल. पाच वेळा नमाज, हज झालेला, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. मला 'ताई' म्हणायचे आणि माझ्या काळजीची यथेच्छ थट्टा करायचे. "ताई, तुमच्याकडं काळजीचा होलसेल हाय, थोडी आमाला पण द्या." त्यांच्या लेकीचं, शबनमचं लग्न दापोलीला ठरलं होतं. त्या आठवड्यात ते हवेतच होते. गोदामात येईल त्याला खजूर.

बंदरावर एक्स-रे होऊन क्लेरबाईंचं सामान गोदामात आलं. पण नमुन्यादाखल काही पेट्या कस्टम्सच्या अधिकाऱ्यासमोर उघडून दाखवायच्या होत्या, आणि मालकाने हजर राहायचं होतं. तारीख पडली ती नेमकी हसनभाईंच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीची. मी सकाळीच अर्दियाला पोचले. उन्हाने पत्रे तापायला लागले होते. हसनभाई दारातच उभे. खजूर नाही, हसणं नाही.

"ताई, जरा आत या."

पेट्यांच्या मागे घेऊन गेले. घड्याळ तिथे उभं होतं, गोधड्या काढलेलं.

"वजनं सुटली तर काच फुटेल म्हणून बघायला उघडलं," ते म्हणाले. "आत बाटली हाय. गवतात गुंडाळलेली. वर पिवळं मेण."

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले. "एक्स-रेत कशी नाही दिसली?"

"दोन बाजूंना लोखंडी वजनं, मधी ही. दिसंल कशी?"

बुटकी आहे का विचारलं. म्हणाले, हो, बुटकी, खांदे रुंद. मग विचारायला काही उरलंच नाही.

"हात लावलात?"

"तौबा! दार लावून टाकलं."

मी वर बघितलं. बरोबर डोक्यावर कॅमेरा. हसनभाई घड्याळ उघडताना आणि झाकताना, दोन्ही त्यात आलेलं. गेटपासवर त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. मला एकदम तो पायरीवर बसलेला ड्रायव्हर दिसायला लागला. फक्त चेहरा हसनभाईंचा.

"माझा ऐका," ते हळू आवाजात म्हणाले. "घड्याळ मागं, पडून असलेल्या जुन्या सामानात ठेवतो. आज दाखवायचं नाय. परत आलो की काय ते बघू. बाईने ठेवली असंल, चुकली असंल. बाईमाणसाची अब्रू हाय. चारचौघांत उघडी करायची नाय."

हे त्यांचं वळणच तसं. दुसऱ्याचं काही उणं दिसलं तर आपण त्यावर पांघरूण घालायचं, ही त्यांच्या आईची शिकवण. गोदामात कुणी कप फोडला तरी हसनभाई आधी तुकडे उचलायचे आणि मग सांगायचे की कप फुटला, कुणी फोडला ते नाही. मला एरवी याचं फार कौतुक. पण त्या वेळी मला चिडून रडू येत होतं.

"अहो, यादीत घड्याळ आहे! तो विचारेल घड्याळ कुठे, मग? आणि हा वर डोळा लावून बसलाय तो? झाकलेलं उघडं पडलं तर तुम्ही दापोली विसरा, हसनभाई. शबनमचं लग्न व्हिडिओ कॉलवर बघाल!"

असं बोलायला नको होतं. त्यांचा चेहराच उतरला. मग म्हणाले, "मग मीच सांगतो, मला मिळाली म्हणून."

"काही सांगू नका. तुम्ही आज मुके आहात."

तेवढ्यात क्लेरबाई आल्या, एलिजचा हात धरून. नवऱ्याला ड्युटीवरून सुटता आलं नव्हतं. मुलीला पंख्यासमोर बसवून मी बाईंना बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं. आधी त्यांना कळेचना. मग कळलं आणि त्यांनी तोंडावर हात घेतला.

"मी नाही ठेवली. देवाशपथ नाही. बाबा... सामान बांधायच्या शेवटच्या दिवशी बाबा म्हणाले, घड्याळ मी बांधतो, पॅकरना हात लावू देऊ नका. दार लावून बसले होते तासभर. मला वाटलं, घड्याळाचा निरोप घेताहेत."

लेकरू एकीकडे आणि बाटली दुसरीकडे! म्हाताऱ्याने आपल्या हयातीत ते होऊ दिलं नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि रागावता रागावता माझेच डोळे भरून आले. माझे वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि वर मलाच म्हणाले असते, तुझे नियम तू तुझ्या ऑफिसात ठेव.

बाई डोळे पुसून म्हणाल्या, "मी सांगते माझी आहे म्हणून." म्हटलं, सांगा, पण नवऱ्याची नोकरी? आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत उभे, आणि बाहेर गाडीचं दार वाजलं.

अबू फहद हा आमच्याकडे नेहमी येणारा अधिकारी. पन्नाशीचा, स्वच्छ पांढरा पायघोळ दिशदाशा, कमी बोलणारा. चहा कधी घ्यायचा नाही. खोटं बोलणारा माणूस त्याला बसल्या जागी कळतो असं गोदामात म्हणायचे, आणि मला आत्ता नेमकं तेच आठवायचं होतं! तो एकेक पेटीकडे बोट दाखवायचा, पोरं ती उघडायची. पुस्तकं. भांडी. बर्फातले बूट. प्रत्येक पेटीगणिक वाटायचं, आता पुरे म्हणेल, जाईल. मग वाटायचं, गेला आणि नंतर कळलं तर? हसनभाई खांबाला टेकून उभे होते. ओठ हलत होते, काहीतरी पढत असावेत.

तो घड्याळाकडे वळला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, त्यात एक बाटली आहे."

सगळे पंखे एकदम थांबल्यासारखं झालं मला.

"कसली बाटली, सिस्टर?"

मी सांगितलं. पिंप, साय, आजोबा, जन्म, लग्न, सगळं एका दमात, इंग्रजीत, अर्धं चुकीचं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कुणाला सापडली?"

हसनभाई खांब सोडून पुढे आले. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मला."

"तुम्ही घड्याळ उघडलं?"

"हो. मी."

"ताई, काय करताय?" मागून मराठीत आवाज आला. मी तसंच पुढे बघत मराठीतच म्हटलं, "गप्प बसा. उद्या तुमचं विमान आहे."

अबू फहदने आमच्या दोघांकडे बघितलं. मराठी त्याला येत नव्हतं, पण चेहरे सगळ्यांना वाचता येतात. त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग शांतपणे मला म्हणाला, "मग परत उघडा. मला बघू दे."

मी घड्याळापाशी गेले. दाराला ना कडी, ना मूठ, किल्लीचं भोकही लाकडाने बुजवलेलं. मी कडेला नखं खुपसली. दार हलेना. वरून ढकललं, खालून ओढलं. माझ्या हाताचा घाम लाकडाला लागत होता आणि त्याचे डाग दिसत होते. मी बावळटासारखी घड्याळाचं पोट चाचपत राहिले. मनात एवढंच येत होतं की आता संपलं. बाटलीचं संपलं, हसनभाईंचं संपलं, आणि वर सरकारी माणसाशी खोटं बोलले म्हणून माझंही संपलं. हसनभाई परत पुढे आले. आता ते बोलणार हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं.

तेवढ्यात माझ्या कोपराखालून एक छोटा हात आला.

"असं नाही," एलिज इंग्रजीत म्हणाली. "किल्ली हरवली ना, म्हणून आजोबांनी गंमत केलीय."

तिने खालच्या पट्टीच्या आत बोटं घालून काहीतरी वर दाबलं आणि दार आपसूक उघडलं. आतमध्ये गवताचं घरटं. तिने ते बाजूला केलं. पिवळ्या मेणावर खिळ्याने कोरलेली अक्षरं होती. तिने ती वाचली, आणि आईकडे वळून बघितलं.

"माझं नाव आहे."

क्लेरबाईंनी मान हलवली. मुलीला काही समजावून सांगावं लागलं नाही. जन्मल्यापासून ऐकतच होती ती. तिने दोन्ही हातांनी बाटली काढली, तान्ह्या बाळाला घेतात तशी छातीशी धरली आणि उभी राहिली. अबू फहद तिच्यासमोर खाली बसला. एवढा पांढराशुभ्र दिशदाशा गोदामाच्या धुळीत. त्याने दोन्ही हात पुढे केले. मागितली नाही. नुसते हात.

तिने खूप वेळ घेतला. मग दिली.

नियम तो नियम. ती नष्ट करायची, सगळ्यांसमोर. हात धुवायच्या बेसिनपाशी आम्ही सगळे गेलो. मेण त्याने स्वतः काढलं, बूच काढलं, आणि एकदम उपडी न करता हळूहळू ओतली. सोनेरी होती, मधापेक्षा पातळ. आणि वास आला. मला वाटलं होतं दारूचा भपका येईल. आला तो भलताच, ओळखीचा. हसनभाई नाकाला रुमाल लावून उभे होते, त्यांनी रुमाल काढला.

"ताई, मेथी भाजतात तसा येतोय."

खरंच मेथी. माझ्या लेकीच्या वेळी आईने तासगावहून येऊन लाडू केले होते, तो वास. बाळंतिणीच्या खोलीतला. मी तसं म्हटलं तर अबू फहदने मान हलवली. "हुल्बा," तो म्हणाला. म्हणजे मेथीच. "आमच्याकडेही देतात. प्रत्येक मुलाच्या वेळी बायकोच्या खोलीत हाच वास." क्लेरबाई भिंतीला टेकून रडत होत्या. मीही रडले. त्या वेळी मला हसनभाईंची काळजीसुद्धा आठवली नाही, आणि हे माझ्यासारखीच्या बाबतीत फार झालं.

बाटली रिकामी झाली. त्याने कागद काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून अरबीत लिहिलं आणि आमच्या मंदूबकडे, म्हणजे सरकारी कामं बघणाऱ्या माणसाकडे दिला. मंदूबने मला वाचून दाखवला. मालकाच्या मुलीने स्वतःहून काढून दिली, समक्ष नष्ट केली, पुढे कारवाई नाही. बस. माझं नाव नाही, हसनभाईंचं नाही. दुसऱ्या दिवशी हसनभाई विमानात बसले आणि त्यांनी शबनमचा हात स्वतः जावयाच्या हातात दिला. तोवर मी मोबाइल हातातून खाली ठेवला नव्हता. विमानतळावरून परत पाठवलं असतं तर? काही सांगता येतं का?

पण अबू फहद निघताना जे झालं ते सांगायचं राहिलं. तो गाडीत बसत होता. एलिज त्याच्यामागे गेली आणि रागाने, रडू गिळत, पण अगदी स्पष्ट विचारलं, "मग माझ्या लग्नात आता काय उघडायचं?"

तो थांबला.

"ते दार," तो म्हणाला. "आज इथे एवढी मोठी माणसं होती. तुझ्याशिवाय कुणालाच ते उघडता आलं नाही."

आणि हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. आधी हसनभाईंकडे बघत होता, आणि मग माझ्याकडे.